‘संत्रा डिंक्या’ शोधलं तर डिंकाचे लाडू येतात, मग आम्ही शोधायचं कसं?

बगीचा-वरूड यांचा प्रश्न

नमस्कार. वरूड तालुक्यात आमचा तीन एकर संत्र्याचा बगीचा आहे. ३२० झाडं, बारा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला, तेव्हापासून बगीचा मीच पाहून राहिले. बाबांना झाडातलं सगळं समजतं, पण त्यांना आता नीट बोलता येत नाही. म्हणून मला फोनचा आधार. माझा प्रश्न अर्धा शेतीचा आहे आणि अर्धा फोनचा, पण इथं मला फोनचं उत्तर जास्त पाहिजे. शेतीचं उत्तर कुठंतरी आहेच, ते माझ्यापर्यंत पोचून नाही राहिलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीकडच्या ओळीत एका झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर उंच, मधासारखा थेंब दिसला. बोटानं दाबला तर चिकट. नखानं साल उचकटली तर आतून तपकिरी, ओली, आंबूस वासाची. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी पुतणीची पाटी मागितली आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला, ‘डिंक्या’.

रात्री जेवणं झाल्यावर व्हिडिओच्या साइटवर तोच शब्द टाकला. पहिला व्हिडिओ डिंकाच्या लाडवांचा. दुसरा बाळंतिणीसाठी डिंक-मेथीचा. तिसरा पुन्हा लाडू, फक्त गूळ घालून. शब्द तोकडा पडला असेल म्हणून ‘संत्रा डिंक्या रोग’ लिहिलं. आता एक व्हिडिओ किन्नूच्या बागेचा आला, पंजाबीत, आणि एक कुठल्याशा औषधाची चाळीस सेकंदांची जाहिरात. खाली परत लाडू.

मग रोगाचं नाव सोडून जे डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं, ‘संत्र्याच्या झाडाची साल सडणे’. तर संत्र्याच्या सालीचा फेसपॅक! एक नाही, ओळीनं सहा. साल झाडाचीही असते आणि फळाचीही, हे मला समजतं. पण मी ‘झाडाची’ लिहिलं होतं, ‘सडणे’ लिहिलं होतं. ते दोन शब्द त्यानं वाचलेच नाहीत का? कृषी केंद्रवाल्या दादांनी बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा म्हटलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ‘बोर्डो मलम कसा बनवायचा’ टाकलं. ‘बोर्डो’ला दहावी-बारावीच्या बोर्डाचे पेपर आले आणि ‘मलम’ला खाज-खरजेची औषधं.

हे माझं एकटीचं रडगाणं वाटू नये म्हणून मी वहीत मांडून ठेवलं. पहिल्या वीस निकालांत संत्र्याच्या झाडाचे चार. त्यातला मराठी एक. तोही छाटणीचा. आणि सहाव्या-सातव्या निकालानंतर मधातच ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून मालिकांची रांग लागते. मी काही मागितलं, त्याच्या मधात न मागितलेलं काहून आणून ठेवता? दुकानात जाऊन मीठ मागितलं आणि दुकानदारानं साबण, बिस्किटं, फटाके काढून ठेवले तर आपण त्या दुकानात परत जाऊ का? इथं दुसरं दुकान कुठं आहे? दोन-तीन साइट पाहिल्या, सगळीकडं तेच.

शहरातल्या माणसाला यात विशेष वाटणार नाही, बोटानं खाली सरकवलं की झालं. आमच्या घरात नेटवर्क नाही. गच्चीवर, टाकीच्या बाजूला उभं राहिलं तर चालतं. दिवसाला दीड जीबी मिळतं, त्यातच पुतणीचा अभ्यास. एक व्हिडिओ उघडायचा, तीन मिनिटं ‘नमस्कार मित्रांनो, चॅनेलला सबस्क्राइब करा’ ऐकायचं, आणि मग समजायचं की हा लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलून राहिला. असे चार पाहिले की पाऊस येतो आणि खाली उतरावं लागतं.

शेवटी बोर्डो मलमाचा एक हिंदी व्हिडिओ मिळाला. त्यानं प्रमाण बरोबर सांगितलं, पण भांडं कोणतं घ्यायचं ते सांगितलं नाही. मी मोरचूद, म्हणजे ते तांब्याचे निळे खडे, आमच्या लोखंडी घमेल्यात भिजवला. सकाळी पाहते तर निळा रंग फिका पडलेला, आणि घमेल्याच्या आतल्या बाजूनं तांबूस थर, जसा नवा पैसा घासून लावलेला. तांबं सगळं घमेल्याला चिकटलं होतं. तेच पाणी चुन्यात कालवून मी तीस झाडांना लावलं, कारण मला माहीतच नव्हतं. बाबांनी घमेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आठ दिवस वाया गेले. त्या आठ दिवसांत पाऊस थांबला नाही. ऑगस्टच्या मध्याला डिंक दिसणारी झाडं एकाची अकरा झाली होती. बारा वर्षांचं झाड आहे हो ते. मी शाळेत होते तेव्हा बाबांनी कावडीनं पाणी घालून जगवलेलं.

म्हणून विचारते. हे शोधणं असं का चालतं? लिहिलेला शब्द सोडून त्याच्या जवळचा कोणता तरी शब्द तो का धरतो? ‘मला लाडू नकोत’ हे त्याला सांगायची काही सोय आहे का? माझ्या फोनमध्येच काही बिघाड आहे का? हाच फोन दुपारी आईकडं असतो, ती स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहते, संध्याकाळी पुतणी कार्टून पाहते. आणि कोणी संत्रावाले असाल तर, तुम्ही कोणते शब्द टाकता?

पांढरकवडा-कापूस

ताई, फोनमध्ये बिघाड नाही. आमच्याकडं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, दहिया रोग येतो, पानाच्या खालून दही शिंपडल्यासारखे पांढरे डाग. ‘दहिया’ टाकलं की हरियाणातल्या दहिया आडनावाच्या पैलवानाच्या कुस्त्या येतात. पानं लाल पाडणारा ‘लाल्या’ टाकला तर गाणी. बोंडअळीच्या वेळी ‘डोमकळी’ शोधत होतो. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या उघडत नाहीत, मिटल्यासारख्या राहतात, तीच डोमकळी. ती वेळेवर ओळखून तोडून जाळली तर पुढची पिढी कमी होते. मला तीन दिवस गुलाबाच्या कळ्यांचे व्हिडिओ येत राहिले. शेवटी शेजारच्या वावरातल्या काकांनी फूल तोडून हातात दिलं, तेव्हा डोमकळी कशी दिसते ते समजलं.

तुमचा राग बरोबर आहे, एवढंच सांगायला लिहिलं. संत्र्यातलं मला समजत नाही.

संगणक-मास्तर

मी तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेतो, घरी वडिलोपार्जित तूर-सोयाबीन. ताईंचे प्रश्न फार नेमके आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शोधाचं यंत्र शब्द जसाच्या तसा जुळवत नाही. लोक चुकीचं टाइप करतात म्हणून ते ‘जवळचा’ शब्दही धरतं. ‘डिंक्या’ हा शब्द त्याच्या ओळखीचा नसेल, तर तो ‘डिंक’ची चूक समजला जातो. ‘बोर्डो’चं ‘बोर्ड’ तसंच झालं. इंग्रजीत हे बरं चालतं, कारण तिथं प्रत्येक शब्दाचे अगणित नमुने त्यानं पाहिलेले असतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, भाषा लहान नाही. पण आपल्या वावरातले शब्द लिखाणात फार कमी आलेले आहेत, आणि जे लिहिलंच गेलं नाही ते यंत्राला माहीत होणार कुठून?

दुसरं, क्रम लावताना नुसता अर्थ पाहत नाहीत. तुम्ही कोणती साइट वापरता ते मला माहीत नाही, पण जाहीर झालेली एक गोष्ट सांगतो. यूट्यूबनं ऑक्टोबर २०१२ मध्ये सांगितलं की शोधाच्या निकालांचा क्रम लावताना लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात हेही धरलं जाईल. त्याआधी नुसत्या क्लिकवर भर होता आणि खोटी चित्रं लावून क्लिक मिळवणारे वर यायचे, म्हणून तो बदल केला. हेतू चांगला होता. पण लाडवांचा व्हिडिओ लाखो बाया शेवटपर्यंत पाहतात आणि डिंक्याचा शंभर शेतकरी पाहतात. शब्द धूसर असला की पारडं कुठं झुकेल ते दिसतंच. पुढं जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या उत्पादनप्रमुखांनी सांगितलं की पाहण्याच्या एकूण वेळेपैकी ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारस केलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे बहुतेक लोक शोधत नाहीत, समोर आलेलं पाहतात. ताई, तुम्ही शोधणाऱ्यांपैकी आहात, आणि ही दुकानं मुख्यतः न शोधणाऱ्यांसाठी मांडलेली आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून तिथं नापसंतीचा आकडाही पाहणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळं अर्धवट माहितीचा व्हिडिओ लांबून ओळखायची एक खूण गेली.

तिसरं कारण तुम्हीच लिहिलं आहे. आई रेसिपी पाहतात. यंत्राला आई, तुम्ही आणि पुतणी वेगळ्या दिसत नाहीत, एकच खातं दिसतं. स्वयंपाकाची आवड असलेल्या माणसानं ‘डिंक्या’ विचारलं म्हटल्यावर त्यानं लाडू दिले.

आता काय करायचं. शेतीसाठी वेगळं खातं उघडा, किंवा निदान शोधण्याआधी पाहिल्याचा इतिहास बंद करा, सेटिंगमध्ये सोय असते. फिल्टरमध्ये लांबीचा पर्याय असतो, वीस मिनिटांच्या वरचे निवडा. लाडवांचे व्हिडिओ सहसा एवढे लांब नसतात, शास्त्रज्ञांची भाषणं मात्र असतात. एखादं कृषी विद्यापीठाचं किंवा संशोधन संस्थेचं चॅनेल मिळालं तर मुख्य शोधात जाऊ नका, त्या चॅनेलच्या पानावर भिंगाचं चिन्ह असतं, तिथं शोधा. तिथं लाडू नाहीतच, तर येणार कुठून.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तोच शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाहा. आपले पुष्कळ लोक बोलतात मराठीत, पण शीर्षक इंग्रजी अक्षरांत टाकतात. शिवाय रोगाचं पुस्तकी नाव टाका. डिंक्याला ‘गमोसिस’ म्हणतात, तो ज्या बुरशीमुळं होतो तिला ‘फायटोप्थोरा’. मी हे शब्द कृषी विद्यापीठाच्या दैनंदिनीत वाचलेत, संत्र्याचा मला अनुभव नाही.

रोजचा-वाचक

व्हिडिओ कशाला पाहिजे? किसान कॉल सेंटरला फोन लावा. १८००-१८०-१५५१, पैसे लागत नाहीत, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात.

बगीचा-वरूड

@रोजचा-वाचक, धन्यवाद, लावला होता. मॅडमनी चांगलं सांगितलं, मी लिहूनही घेतलं. पण मलम किती घट्ट पाहिजे, साल किती खोल खरडायची, हे ऐकून नाही समजत, पाहावं लागतं. बाबा करत तेव्हा मी बाजूला उभी राहून पाहायला पाहिजे होतं. नाही पाहिलं. त्याचीच भरपाई मी त्या गच्चीवर उभी राहून करत होते.

मास्तर सर, आईच्या रेसिपीचं मला सुचलंच नव्हतं. आज नवं खातं उघडते.

काटोलचा-आजा

मी बोलून राह्यलो, नातू लिहून राह्यला.

पोरी, तुह्या बापाले माहा रामराम सांग. घमेल्याचं वाचून जीव कसातरी झाला. मी पण केलं होतं ते, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आता ध्यान देऊन आयक.

दोन प्लास्टिकच्या बकेटा घे. एकीत मोरचूद एक किलो, पाच लिटर पाणी. खडे फोडून घे आन् फडक्यात बांधून पाण्यात लोंबत ठेव, रातभरात इरघळते, खाली टाकला त बुडाशी बसून राह्यते. दुसरीत कळीचा चुना एक किलो, पाच लिटर पाणी. चुना ताजा पाह्यजे, हवेनं भुगा झालेला नको. चुना भिजते तवा उकळते, तोंड दूर ठेव. दोन्ही थंड झाले का तिसऱ्या बकेटात दोन्हीची धार संगच सोड, आन् लाकडाच्या काडीनं ढवळत राह्य. लोखंडाची सळाक नको. रंग आभायासारखा निळा येते.

मंग इळा घे, घासून चकचकीत केलेला. त्याचं पातं मलमात बुडव, जरा थांब, काढून पाह्य. पात्यावर तांबूस चढलं त मोरचूद मोकया राह्यला, आखीन चुना पाह्यजे, नाही त साल जळते. पातं जसंच्या तसं चमकलं त झालं. जे तुह्या घमेल्याले झालं तेच पात्याले होते, फक्त इथं ते आपण मुद्दाम पाह्यतो. आजचा मलम आजच लाव, उद्या नाही.

लावायच्या आंधी सडकी साल चाकूनं खरड, चांगल्या सालीचा हिरवट काठ दिसेपर्यंत. खरडलेलं खाली पडू देऊ नको, पोतं आंथर, गोळा करून जाळ. जखम परमँगनेटच्या पाण्यानं धू, लिटरले धा ग्राम. चाकू पण दर झाडाले धू. मंग मलम, जमिनीपासून दोन-अडीच फुटालोक. पावसाच्या आंधी एकदा आन् पावसानंतर एकदा, दरसाल.

आन् पाणी. बुंध्याले पाणी लागू देऊ नको, हा रोग पाण्यानं चालते. दुहेरी आळं कर, आतलं मातीनं भरेल, बाहेरच्यात पाणी. तुह्या इहिरीकडच्या ओळीले पाणी साचत असन, म्हणून तिथूनच सुरू झालं. खुंट, म्हंजे ज्याच्यावर संत्र्याची कलम बांधली ते लिंबाचं झाड, जंभेरीचा हाय का रंगपूरचा? बापाले इचार. जंभेरी या रोगाले लवकर बळी पडते.

मले फोनमधलं समजत नाही. पण हे सारं त्यात नाही, याचं मले लय वाईट वाटलं.

बगीचा-वरूड

बारा दिवसांनी लिहिते, उशिराबद्दल माफ करा.

आजोबा, खुंट जंभेरीचा आहे. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. इळ्याच्या भागाशी त्यांनी हात वर केला आणि परत वाचायला लावलं. आम्ही मलम केला. पहिल्यांदा पातं बुडवलं तर टोकाशी तांबूस चढलं, दोन मुठी चुना आणखी घातला, दुसऱ्यांदा पातं स्वच्छ निघालं. अकरा झाडांपैकी दोनांची साल चारही बाजूंनी गेली होती, ती काढावी लागली. नऊ खरडली. विहिरीकडच्या ओळीतून चर काढून पाणी बाहेर घातलं.

आता फोनचं. मास्तर सरांनी सांगितलं तसं नवं खातं, वीस मिनिटांच्या वरचे व्हिडिओ, आणि ‘गमोसिस’ इंग्रजी अक्षरांत. तिसऱ्या क्रमांकावर एक व्हिडिओ आला, त्रेपन्न मिनिटांचा, बांधावर उभं राहून एक शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना समजावून सांगून राहिले. मराठीत. सगळं दाखवलंय, साल किती खरडायची तेही, अगदी जवळून. तीन वर्षांपासून तो तिथं पडलेला आहे. पाहिलेला चारशे लोकांनीसुद्धा नाही.

त्याचं शीर्षक होतं, ‘लिंबूवर्गीय फळपिकांवरील बुरशीजन्य रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन’. पूर्ण शीर्षकात आणि खालच्या वर्णनात डिंक्या हा शब्द कुठंच नाही. त्रेपन्न मिनिटांत ते तोंडानं पंधरा-वीसदा ‘डिंक्या’ म्हणतात, पण लिहिलेला एकदाही नाही. मला फार राग आला आणि फार वाईटही वाटलं. ज्याला माहीत आहे तो बोलतो आमच्या शब्दात आणि लिहितो दुसऱ्याच शब्दात. मी त्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया टाकली, त्यात ‘संत्रा डिंक्या, साल सडणे, बुंध्यातून डिंक, बोर्डो मलम’ सगळं लिहिलं, आणि ते शब्द शीर्षकात घाला अशी विनंती केली. अजून उत्तर नाही.

मग रविवारी आम्हीच एक व्हिडिओ काढला, चार मिनिटांचा. पुतणीनं फोन धरला. बोलले मी, पण इळा बाबांनी धरला, डाव्या हातानं. शेवटी ते पातं कॅमेऱ्याकडं वळवतात आणि ते कोरडं होईपर्यंत तसंच धरून ठेवतात. तेवढा भाग मी कापला नाही. शीर्षक बाबांनीच पाटीवर लिहून दिलं, ‘संत्र्याचा डिंक्या : बोर्डो मलम इळ्यानं तपासणे’. खाली तेच इंग्रजी अक्षरांत.

काल आत्याच्या फोनवरून नुसतं ‘डिंक्या’ टाकून पाहिलं. लाडू वरच आहेत. आमचा व्हिडिओ चौदावा.

काटोल-नरखेडकडं, अचलपूरकडं या रोगाला दुसरं काही म्हणत असतील तर इथं लिहा, चुकलेल्या उच्चारासकट लिहा. मी ते सगळे शब्द वर्णनात टाकते. आणि कोळशीवर कोणी चांगलं दाखवणारं असेल तर सांगा. ‘संत्रा कोळशी’ टाकलं की कोळशाच्या खाणी येऊन राहिल्या, आणि माझ्या पाच झाडांची पानं काळी पडलीत.